मांडवाची उंची

आमच्या गावात माझ्याबद्दल एक चांगलं बोललं जातं, आणि ते खरं नाही. बायकोच्या हाताचं दुखणं कुणालाच कळत नव्हतं, तेव्हा हवालदारानं तिला दवाखान्यामागून दवाखाने फिरवलं, हार मानली नाही, शेवटी रोग शोधून काढला, असं लोक सांगतात. माजी सैनिकांच्या एका मेळाव्यात वक्त्यानं हेच माईकवरून सांगितलं आणि माझ्या खांद्यावर शाल टाकली. मी ती घेतली. बायको पुढच्या रांगेत बसली होती, उजवा हात पदराखाली घेऊन. लोक टाळ्या वाजवत होते. तिला नीट वाजवता येत नाहीत, म्हणून ती नुसती माझ्याकडं बघत होती. घरी आल्यावर शालीची घडी करून कपाटात ठेवताना एवढंच म्हणाली, "उबदार हाय."

ती शाल मी एकदाही पांघरली नाही. आता माझी पंचाहत्तरी उलटली आहे. तिच्या हाताचं नेमकं काय झालं, ते कुणामुळं झालं आणि जेवढा हात उरला तेवढा कुणी राखला, हे आमच्या मुलांना माझ्याकडूनच कळावं, म्हणून लिहितो.

मी फौजेतून सुटून आलो तेव्हा कडेगावच्या आसपास जिकडंतिकडं ऊस होता. मला ऊस म्हणजे आळशी माणसाची शेती वाटायची. द्राक्षबाग लावायची हे मी पलटणीत असतानाच ठरवून टाकलं होतं. लोखंडी अँगल रोवून वर तारा ओढायला बाहेरगावचा मिस्त्री बोलावला. त्यानं विचारलं, "मांडव किती उंच धरायचा, हवालदार?"

दुसऱ्यांच्या बागांत माणसं कमरेत वाकून चालताना मी पाहिली होती. मला ते बघवत नसे. मी मिस्त्रीसमोर सावधानमध्ये उभा राहिलो. सहा फुटांचा माणूस मी. म्हणालो, "घड लोंबले तरी माझ्या डोक्याला लागता कामा न्हाईत. आपल्या बागेत कुणी मान वाकवायची न्हाई."

मिस्त्री हसला. "तुमी बागेत नुसतं हिंडणार हाय, का काम बी करणार हाय?"

"तू तारा ओढ," मी म्हणालो.

बायको तिथंच दगड वेचून पाटीत भरत होती. ती माणदेशातली, म्हसवडजवळची. अंगानं काटक, पण उंचीनं माझ्या काखेपर्यंत. मांडवाखाली दिवस काढायचे होते ते तिला. तिला मिस्त्रीनं विचारलं नाही, मीही विचारलं नाही.

ज्यांनी द्राक्षबाग फक्त रस्त्यावरून पाहिली आहे त्यांना यातलं काम कळणार नाही. वेल वर तारांवर पसरतो आणि घड खाली लोंबतात. त्यामुळं छाटणी असो, काड्या बांधणं असो, घडातले मणी कात्रीनं विरळ करणं असो, की एकेक घड औषधाच्या भांड्यात बुडवणं असो, सगळं डोक्याच्या वर हात धरून करायचं. सकाळी हात वर गेला की जेवणाच्या सुट्टीला खाली यायचा. माझ्यासारख्याला ते सहज हाताला येणारं काम. तिला मात्र टाचा उचलून, मान मागं टाकून, खांदे ताणून करावं लागायचं. वर्षानुवर्षं.

ती काही दिवस एक युक्ती करत होती. द्राक्षं भरायचे प्लॅस्टिकचे क्रेट असतात, त्यातला एक उलटा घालून त्यावर उभी राहायची. एका घडाचं झालं की उतरायची, क्रेट सरकवायची, पुन्हा चढायची. एकदा मी ते पाहिलं. क्रेटच्या बुडाला चीर गेली होती. मी चारचौघांत ओरडलो, "हे माल भरायला आणल्यात, नाचायला न्हाई." मजुरीच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तिनं क्रेट उचलून थप्पीला लावला. पुन्हा कधी घेतला नाही. आज मला बाकी पुष्कळ गोष्टी आठवत नाहीत, पण त्या क्रेटची चीर कुठल्या बाजूला होती ते आठवतं.

दुखणं सुरू झालं ते मुंग्यांनी. संध्याकाळी भाकरी थापताना ती मध्येच थांबून हात झटकायची. मग हाताला जडपणा आला. मग पेला निसटायला लागला. एका छाटणीत तिच्या हातातून कात्री पडली, ती माझ्या पायाजवळ. "आवं, हात माझा हातच वाटंना," ती म्हणाली.

फौजेत परेड चुकवायची असली की काही जण सकाळी सिक रिपोर्ट करायचे. पोट दुखतंय, पाय मुरगळलाय. मी त्यांना ओळखण्यात पटाईत होतो, निदान तसं मला वाटायचं. मी बायकोला म्हणालो, "काय, आज सिक रिपोर्ट का?" ती हसली नाही. मुलगा हसला. मग तो शब्द आमच्या घरचाच झाला. ती जरा टेकली की कुणीतरी म्हणायचं, आईचा सिक रिपोर्ट. मुलं लहान नव्हती, पण शब्द माझ्याकडून गेला होता.

दवाखान्यात मी तिला नेलं, हे खरं आहे. लोक सांगतात त्यातलं तेवढंच खरं. पण तिथं काय व्हायचं ते सांगतो. डॉक्टर तिच्याकडं बघून विचारायचे, "काय होतंय?" आणि मी सांगायचो. आमच्याकडं ही रीतच होती. बाईमाणूस स्टुलावर खाली बघत बसणार आणि बरोबर आलेला पुरुष बोलणार. यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. डॉक्टरही पुढचा प्रश्न मलाच विचारायचे. तिला काय होतं हे मला पक्कं माहीत आहे, असं मी धरून चाललो होतो. ती मनगट चोळताना दिसायची, म्हणून मी म्हणायचो, "मनगट दुखतं आणि सगळ्या बोटांना मुंग्या येतात."

गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली. तालुक्याच्या डॉक्टरांनी मनगटाला पट्टा दिला. तरी काही फरक पडेना, तेव्हा एका मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथंही मी तेच सांगितलं, जरा जोरात. डॉक्टर म्हणाले, मनगटात नस दबते, छोटं ऑपरेशन करू. केलं. टाके निघाले आणि मुंग्या तशाच राहिल्या. मी तिच्यावरच चिडलो. एवढं करून हिला बरं कसं वाटत नाही, म्हणून. सासूबाईंनी म्हसवडच्या सिद्धनाथाचा नवस राहिल्याची आठवण काढली. तिथं जाऊन नवस फेडला. परतताना एसटीत खिडकीची काच उघडायला तिनं हात वर केला आणि काच न उघडताच हात खाली घेतला. मी उठून काच उघडली आणि मला वाटलं, मी बायकोला किती सांभाळतो.

त्या वर्षी मुलीचं दुसरं बाळंतपण होतं. मुलगी कुपवाडला राहते, जावई तिथल्याच एका कारखान्यात आहेत. माल काढणीचे दिवस, तरी बायको मुलीकडं गेली. मी कुरकुर केलीच. पुढचं मी पाहिलेलं नाही. मुलीनं पुष्कळ उशिरा सांगितलं तेवढं लिहितो.

एका सकाळी बायकोनं बाळाची दुपटी वरच्या दांडीवर वाळत घातली आणि मग बाळाला अंघोळ घालायला बसली, पाय पसरून, पायांवर बाळ घेऊन, आपल्याकडं घालतात तशी. उजव्या हातात बाळाची मान होती. बोटं सुटली. बाळ घसरून मोरीच्या फरशीवर गेलं. त्याला काही झालं नाही, घाबरून रडलं तेवढंच. पण बायको ओल्या साडीनं तशीच बसून राहिली. मुलगी म्हणाली, "आबांना बोलावून घेऊ का? ते दवाखान्यात नेतील."

"त्यांस्नी नगं," बायको म्हणाली. "ते आलं की डॉक्टर त्यांनाच तपासत्यात."

मुलीला त्याही परिस्थितीत हसू आलं. मला तिनं हे सांगितलं तेव्हा ती हसत नव्हती.

बायको एकटी रिक्षानं सांगलीला गेली. नसांच्या डॉक्टर होत्या, मध्यमवयीन बाई. बाहेर नावं लिहून घेणाऱ्या मुलीनं विचारलं, "बरोबर कोण आहे?" बायको म्हणाली, "कुणी न्हाई. मीच हाय." आत गेल्यावर डॉक्टरांनी नेहमीचाच प्रश्न विचारला, काय होतंय. आणि उत्तर द्यायला तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

दुसऱ्या खेपेला तपासण्यांचे कागद घेऊन मी बरोबर होतो. म्हणजे मला बोलावलं होतं, कारण पुढं काय करायचं ते घरच्यांना सांगायचं होतं. डॉक्टर तिच्या मनगटावरचा व्रण बघत होत्या. म्हणाल्या, "हे ऑपरेशन कशासाठी केलं होतं?"

मी पुढं सरसावलो. "त्याचं असं झालं, हिच्या सगळ्या बोटांना..."

"आवं," बायको म्हणाली, "मला बोलू द्या."

लग्नानंतर चारचौघांत तिनं मला थांबवल्याची ही पहिलीच वेळ. आवाज चढवला नव्हता. डॉक्टरांकडं वळून म्हणाली, "सगळ्या न्हाईत. करंगळी आन् तिच्या शेजारची. आन् कोपराच्या आतल्या अंगानं. पयल्यापासनं तेवढंच. हात वर धरला की येतं, खाली सोडला की जरा वेळानं जातं."

"हे तुम्ही ऑपरेशनच्या आधी सांगितलं नव्हतं?"

"मला कुणी इचारलं न्हाई."

मला वाटलं ती आता माझ्याकडं बघेल. तिनं पाहिलं नाही. ती आपल्या हाताकडं बघत होती.

डॉक्टरांनी तिचा तळवा माझ्यासमोर धरला. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसाचा उंचवटा असतो, तो तिथं नव्हता. खळगा होता. मी हा हात रोज बघत होतो. या हातानं वाढलेलं जेवत होतो. डॉक्टर म्हणाल्या, मुंग्या करंगळीच्या बाजूला आणि मांस अंगठ्याजवळचं गेलेलं, हे मनगटाचं दुखणं नव्हे. मानेतून हाताकडं जाणाऱ्या नसा गळ्याजवळच्या आडव्या हाडाखालून एका अरुंद वाटेनं जातात. काहींना तिथं जन्मतःच एक छोटी जादा बरगडी असते. हिला ती आहे. हात वर केला की वाट आणखी अरुंद होते, नसा दाबल्या जातात. त्यांनी तिला दोन्ही हात वर धरून मुठी उघडमीट करायला सांगितल्या. थोड्याच वेळात उजवा हात पांढरा पडला आणि आपोआप खाली आला. डाव्याची बोटंही मंदावली होती.

"असं हात वर धरून काम किती करता?" डॉक्टरांनी विचारलं.

"द्राक्षबाग हाय," बायको म्हणाली. एवढंच. उंचीचं बोलली नाही, क्रेटचं बोलली नाही.

मग डॉक्टर विचारत गेल्या आणि ती सांगत गेली, आणि मी माझ्याच घरातल्या गोष्टी परक्यासारख्या ऐकत बसलो. वेणी घालताना ती गुडघ्यावर डोकं टेकवून बसायची, म्हणजे हात वर न्यावा लागू नये. माझ्या शर्टाची तुटलेली बटणं कित्येक दिवस शेजारीण शिवून देत होती. झोपताना हात छातीशी बांधल्यासारखा धरायची, कारण कुशीवर झोपलं की तो मेल्यासारखा व्हायचा. मी शेजारच्या खाटेवर होतो.

ऑपरेशनबद्दल डॉक्टर स्पष्ट बोलल्या. बरगडी काढता येते, पण जोखीम आहे, आणि गेलेलं मांस परत येईल असं मी सांगणार नाही. चार-पाच वर्षं आधी आला असता तर वेगळं बोलले असते.

बायको म्हणाली, "मग आधी उरलेलं राखायचं शिकवा. न्हाई जमलं तर कापू."

आणि तिनं राखलं. यात माझा काही हात नाही, म्हणूनच हे सविस्तर लिहितो. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी दाखवलेलं ती सकाळ-संध्याकाळ करायची. मानेचे स्नायू हळू ताणणं, खांदे मागं घेऊन सोडणं, पोटातून श्वास घेणं. सुरुवातीला दुखणं वाढलं. ती थांबली, सांगलीला एकटी जाऊन विचारून आली, निम्मं करून पुन्हा सुरू केलं. मांडणीच्या वरच्या फळीवरचे डबे तिनं खाली आणले. कपड्यांची दांडी छातीच्या उंचीला बांधून घेतली. मी अंगणातून जाताना दर खेपेला त्या दांडीवर आपटायचो आणि मग वाकून पलीकडं जायचो. पाण्याची कळशी बंद, खांद्याला पिशवी बंद. करंगळीत पहिली मुंगी आली की हातातलं काम खाली ठेवायचं, मग ते कुणाचंही असो. चुलीवर भाकरी करपली तरी ती उठत नसे. म्हणायची, "भाकरी दुसरी व्हती."

मग तिनं केस कापले. मुलीला सांगून मानेपर्यंत, कारण वेणीसाठी हात वर न्यावा लागतो. आमच्या गावात सवाष्ण बाईनं केस कापणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पाणवठ्यावर, हळदीकुंकवाला, सगळीकडं कुजबूज. एक भावकीतली म्हातारी तोंडावर म्हणाली, "आगं, नवरा जित्ता हाय न्हवं तुजा?" बायको म्हणाली, "हाय की. पर त्यो येणी घालत न्हाई." मी ओसरीवर हे ऐकत होतो. वेणी आपण घालून द्यावी हे मला तोवर एकदाही सुचलं नव्हतं, आणि आता केस उरले नव्हते.

उजवा हात परत आला नाही. खळगा तसाच आहे. किल्ली फिरवता येत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही, थंडीत तर हात दिवसभर ठणकतो आणि तेव्हा ती कुणाशी बोलत नाही. पण डावा वाचला. तपासणीत डाव्याचं सुरू झालेलं दिसत होतं, ते तिथंच थांबलं आहे. ऑपरेशनची वेळ आली नाही. गावानं एवढंच पाहिलं की बाईचं दुखणं आटोक्यात आलं, आणि दवाखान्यात नेणारा माणूस डोळ्यांसमोर होता, म्हणून त्याला शाल दिली.

दोन वर्षांपूर्वी जुने वेल थकले. मुलानं नवी लागण करायची ठरवली. अँगल आणि तारा जुन्याच वापरायच्या होत्या. मी म्हणालो, "अँगल कापून मांडव खाली घे."

"आबा, अन् ट्रॅक्टर कसा जायचा आतनं?" तो म्हणाला. "समदा हिशोब ह्याच उंचीचा हाय. आन् आई तर आता मांडवाखाली येत बी न्हाई."

"मजुरीच्या बाया येतात."

"त्यांचं त्या बघत्यात."

मी त्याला तेव्हाच सगळं सांगायला हवं होतं. मी उठून बाहेर गेलो. मांडव मी ठरवलेल्या उंचीवरच राहिला. आजही आहे.

म्हणून विरळणीच्या दिवसांत मी सकाळी लवकर बागेत जातो आणि ओळीओळीत क्रेट उलटे घालून ठेवतो. मुलगा म्हणतो, मोडतात. मोडतात हे खरं आहे. पहिल्या दिवशी बायकांनी त्यांना पाय लावला नाही. हवालदाराच्या क्रेटवर चढायचं कसं, म्हणून. बायकोनं बांधावरून हाक मारली, "चढा गं, आता वरडत न्हाई ते." तेव्हा चढल्या.

परवा माल काढताना बायको बागेजवळच्या शेडमध्ये खाली बसून द्राक्षं निवडत होती, मी पलीकडं होतो. जवळच्या ओळीतली एक तरुण बाई कात्री कमरेला खोचून उजवा हात झटकायला लागली. एकदा, परत एकदा. मी जवळ जाऊन विचारलं, "काय होतंय, बाई?"

शेजारच्या ओळीतून तिचा नवरा बोलला. "काय न्हाई वो आबा. तिची खोडच हाय ती. काम जरा जास्त झालं की हात झटकती."

मी तिथंच उभा राहिलो. त्याच्या तोंडी माझंच वाक्य होतं, आवाज तेवढा तरुण.

शेडमधून बायको उठून आली. पदरातून उजवा हात बाहेर काढून तिनं त्या बाईसमोर धरला. खळगा वर करून. "कुठल्या बोटाला येतं?" तिनं विचारलं. "तू सांग."

त्या बाईनं आधी नवऱ्याकडं पाहिलं.